ते गाडी हळू चालवायचे

माझे यजमान गेल्यावर पंधरवड्यानं बीडच्या एका मंगल कार्यालयात शोकसभा झाली. ती मी ठेवली नव्हती. ज्यांनी ठेवली त्यांनी दारात फ्लेक्स लावला होता. त्यावर आमच्या भागातल्या नेत्याचा हात जोडलेला फोटो माणसापेक्षा मोठा, आणि ज्याच्यासाठी सभा तो खाली कोपऱ्यात, काखेत हेल्मेट धरून उभा.

मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. चार-पाच जण बोलले. त्यातल्या दोघांना माझ्या यजमानांचं आडनाव नीट घेता आलं नाही. मग नेता उठला. परदेशात जाऊन मोटारसायकल शर्यतीत उतरणारा आपल्या मातीतला गडी, बीडचं नाव सातासमुद्रापार नेणारा वाघ, असं सगळं झालं. शेवटी आवाज चढवून तो म्हणाला, "हा माणूस वेगात जगला आणि वेगातच गेला."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मी उठून स्टेजवर गेले. मला माईक कुणी दिला नाही, मी घेतला. म्हणाले, "ते वेगात गेले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीमागं दगड मांडून ठेवले होते, त्या दगडांवरून पडून गेले. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता. ते रस्त्यावर आयुष्यात कधी जोरात चालवायचे नाहीत. ज्याला ठाऊक नाही त्यानं बोलू नये."

मग कुणीतरी म्हणालं, "ताई दुःखात हायत, पाणी द्या त्यांना." एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली न्यायला लागली. मी पाणी घेतलं नाही. मी तिथं दुःखात नव्हते. दुःख मी घरी ठेवून आले होते. तिथं मी रागात होते. पण बाईचा राग दिसला की त्याला दुःख म्हणायचं आणि पाण्याचा ग्लास पुढं करायचा, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.

मागच्या बाजूला उस्ताद उभे होते. माझे यजमान ज्यांच्या गॅरेजात काम शिकले ते म्हातारे मेकॅनिक. नमाजाची टोपी घातलेली, हातात काठी. ते तिथूनच म्हणाले, "बेटी खरं बोलती. तिला कशाला बसवता बे?"

त्यानंतर सभा लवकर आटोपली. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

कुणीतरी माझं बोलणं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, बाईला भरपाई पाहिजे. लिहिलं होतं, रेसर माणूस हळू चालवतो होय. हसण्याची चित्रं टाकली होती. मी सगळं वाचलं. मुलगी म्हणाली वाचू नको, तरी वाचलं.

म्हणून हे लिहिते आहे. तो माणूस कसा चालवायचा ते मी पाहिलंय. चोवीस-पंचवीस वर्षं मी त्यांच्या मागं बसले.

माझं सासर धारूरच्या बाजूचं, बालाघाटाच्या काठावरचं. सासऱ्यांची शेरडं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. थोरला लेक शेरडांमागं जायचा. धाकटा, म्हणजे माझे यजमान, एका जुन्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बांधून घाट चढायचे-उतरायचे. दूध सांडलं तर मार. त्यामुळं वळणावर गाडी कशी वळवायची, उतारावर ब्रेक किती दाबायचा, हे अंगातच बसलं. ती गाडी सारखी बिघडायची. ती दुरुस्त करायला बीडला उस्तादांकडं नेता नेता एक दिवस ते तिथंच राहिले. उस्तादांना शर्यतीचा शौक होता. स्वतः चालवायचं वय गेलं होतं, म्हणून त्यांनी या पोराला पुण्याला, कोल्हापूरला मातीच्या मैदानातल्या शर्यतींना नेलं. पोरगा जिंकायला लागला.

माझ्या आईला हे स्थळ पसंत नव्हतं. "शर्यतीतला माणूस. आज हाय, उद्या न्हाई," ती म्हणायची. मलाही धाकधूक होती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या मागं बसून धारूरचा घाट उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं उघडून पाहते तर आमच्या बाजूनं एक टेम्पो पुढं गेला. मग दूधवाल्याची लुना गेली. मग एक म्हातारा सायकलवरून गेला आणि जाता जाता आमच्याकडं पाहून घेतलं.

मी म्हणाले, "तुमी शर्यत खेळता म्हणून सांगितलं होतं आमच्या घरी."

"खेळतो की."

"मग हे असं हळू कावून चालवता?"

ते म्हणाले, "शर्यतीत समोरून कुणी येत न्हाई. सगळे एकाच बाजूला चाललेले असत्यात. हितं शेरडं हायत, लेकरं हायत, पिऊन चालवणारा हाय. रस्ता काय आपल्या एकट्याचा हाय व्हय?"

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर कधी सांगावं लागलं नाही. वळणावर हॉर्न, गाव आलं की गाडी तिसऱ्या गिअरात, हेल्मेटशिवाय दुधाला सुद्धा जायचं नाही. नारायणगडाला आमच्या भावकीतली मंडळी गाड्या घेऊन दर्शनाला निघाली की ते सगळ्यात शेवटी पोचायचे. लोक चेष्टा करायचे, म्हणायचे, रेसर आला का? येईल, येईल, नैवेद्य झाल्यावर येईल. ते हसायचे. मला त्या चेष्टेचा राग यायचा.

पुढं त्यांनी उस्तादांच्या शेजारचा गाळा घेतला. त्याच्या पलीकडच्या गाळ्यात मी शिलाईचं दुकान टाकलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. तिन्ही शटर एका ओळीत. सकाळी उस्तादांच्या घरून चहा यायचा, दुपारी माझ्या डब्यातली भाकरी तिघांत वाटली जायची.

वय वाढलं तसं मैदानातल्या शर्यती कमी झाल्या. मला वाटलं, सुटले. आणि मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी एक दिवस जेवताना सांगितलं की मोरोक्कोला वाळवंटात मोटारसायकलींची लांब पल्ल्याची शर्यत असते, तिच्यात वय झालेल्यांचा वेगळा गट असतो आणि उस्तादांनी आणि त्यांनी तिकडं जायचं ठरवलंय. म्हणजे जायचं त्यांनी, ठरवायचं दोघांनी. मला कळवायचं.

"कावून जायचं आता?" मी म्हणाले. "गुडघे वाजत्यात तुमचे."

"एकदा वाळूत चालवायची हाय."

"बिंदुसरा नदीत वाळू हाय की."

ते हसले. मी हसले नाही. मी त्यांना विचारलं, तिकडं पडलात तर मला कोण सांगणार? कोणत्या भाषेत सांगणार? पोरीचं बारावीचं वर्ष. ते म्हणाले, "पडणार न्हाई असं न्हाई म्हणत. पण जाऊ दे मला." पैशाचं कसं जमवलं ते इथं लिहीत नाही, ते आमचं आम्ही निस्तरलं. मी ते जाईपर्यंत त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्याचा मला आज पश्चात्ताप वगैरे नाही. मला राग होता आणि तो खरा होता. माणसाला माणूस प्यारा असला की तो येतोच.

जॅकेट मात्र मीच शिवून दिलं. जुनंच होतं, खांद्याला आणि कोपराला आतून गाद्या असलेलं, ठिकठिकाणी उसवलेलं. प्रत्येक शिवण मी दुहेरी घातली. पाठीवर नेत्याच्या फोटोचं कापड शिवायचं होतं. व्हिसासाठी त्यानं एक फोन केला होता. एका फोनच्या बदल्यात माझ्या नवऱ्याची अख्खी पाठ. मी म्हणाले, मी हे शिवणार नाही. ते म्हणाले, "शिव गं. पाठीवर हाय, मला कुठं दिसणार हाय?"

शर्यत सुरू झाल्यावर पाच-सहा दिवस त्यांचा फोन कधी लागायचा, कधी नाही. मी दुकान उघडं ठेवलं. उस्ताद दर तासाला येऊन विचारायचे, "काही खबर?" नाही म्हटलं की काठी टेकत परत जायचे. एका संध्याकाळी फोन आला आणि ते नुसतं म्हणाले, "पोचलो." मी विचारलं, कितवे? "शेवटून मोजलं तर लवकर सापडंल," ते म्हणाले. निम्म्याहून जास्त लोक मधेच बाहेर पडले होते. ते पडले, खांदा निखळला, तो बांधून घेऊन पुन्हा बसले आणि शर्यत पुरी केली.

परत आल्यावर लोकांनी त्यांना वेगाबद्दलच विचारलं. किती स्पीड गेला? वाळूत किती, खडकात किती? त्यांना सांगायचं असायचं दुसरंच. हँडलवर कागदाची गुंडाळी लावतात, तिच्यावर वाटेच्या खुणा असतात, त्या वाचत जायचं. एका ठिकाणी त्यांची खूण चुकली आणि ते भरकटले. टेकाडामागं एक धनगर दिसला, शेरडं चारणारा. त्याला काही विचारायची सोय नव्हती. गाडी बंद करून हे खाली उतरले आणि आमच्याकडं शेरडांना बोलावतात तशी जिभेनं हाक घातली. एकाही शेरडानं मान वर केली नाही. तो धनगर मात्र इतका हसला की खाली बसला. मग त्यानं पाणी दिलं आणि हातानं वाट दाखवली. "त्यांच्या शेरडांची भाषा वेगळी हाय," ते सांगायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा मी कुठला चषक हातात घेतानाही पाहिला नाही. पण ऐकणारा म्हणायचा, ते असू द्या, टॉपला किती पळते ती गाडी?

मिरवणुकीचं सांगते. नेत्यानं उघडी जीप आणली, डीजे आणला. जीपमध्ये नेता पुढं, हे मागं, हात गळ्यात बांधलेला. पुढं-मागं पोरांच्या मोटारसायकली, सायलेन्सर काढलेल्या. मी आणि उस्ताद बाजारपेठेत दुकानाच्या पायरीवर उभे होतो. आमच्या डोळ्यांसमोर एका पोरानं गर्दीत पुढचं चाक उचललं, तोल गेला आणि गाडी सीताफळांच्या हातगाड्यावर गेली. गाडेवाला बागवान म्हातारा होता. तो बाजूला पडला म्हणून वाचला. फळं रस्ताभर झाली आणि मागच्या गाड्या त्यांच्यावरून गेल्या. डीजे चालूच.

माझे यजमान जीपमधून उतरले. चाक उचलणाऱ्या पोराकडं गेले, त्याच्या गाडीची चावी काढली आणि उस्तादांच्या हातात दिली. मग एका हातानं त्या बागवानाला उठवलं. नेता जीपमधून म्हणाला, "अहो, पोरं हायत, खुशीत हायत. चला, पुढं चौकात लोक थांबलेत."

ते म्हणाले, "ह्याला मी न्हाई येत."

आणि घरी चालत आले. नेत्याला ते लागलं. त्यानंतर त्याच्या एकाही कार्यक्रमाला त्यांना बोलावणं आलं नाही. फ्लेक्सवर पुन्हा फोटो आला तो थेट मेल्यावर.

आता त्या दिवसाचं.

उमापूरला एका ओळखीच्या मेकॅनिकच्या मुलीचा साखरपुडा होता. लग्नसराई असल्यामुळं माझ्याकडं ब्लाउजचा ढीग, म्हणून मी गेले नाही. ते एकटे गेले, जेवले आणि दिवस मावळायच्या आत गेवराई गाठावी म्हणून निघाले. ते कारखान्याचे दिवस. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागं दिवा असलाच तर आमचं नशीब.

फोन आला तेव्हा मी काज करत होते. बीडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना आणून ठेवलं होतं. हेल्मेट शाबूत होतं. डोक्याला ओरखडा नाही. छातीवर ट्रॉलीचा मागचा लोखंडी कोपरा लागला होता.

तिथंच एका पोलीस जमादारानं मला विचारलं, "बाई, किती स्पीडनं चालवायचे ते?"

मी म्हणाले, "हळू चालवायचे."

तो बोलला, "रेसर होते ना?" आणि माझ्याकडं न पाहता लिहीत राहिला.

तो प्रश्न मी आजपर्यंत विसरलेले नाही. समजा एखादा पोहणारा घरातल्या पायरीवरून पाय घसरून गेला, तर कुणी म्हणेल का, पोहत असेल? दुसऱ्या दिवशी पेपरात 'भरधाव' हा शब्द आला. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. ज्यांनी उचलून आणलं ते मागून आलेले लोक. ते मला म्हणाले की ट्रॉली मधोमध उभी होती, टायर फुटला होता, मागं दगड होते आणि दिवा आम्हाला दिसला नाही. पण ट्रॅक्टरमालकानं सांगितलं, दिवा होता, धडकेत फुटला, गाडी जोरात आली. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनंही तेच सांगितलं. मग पेपरानं, पोलिसांनी, नात्यातल्या माणसांनी, सगळ्यांनी तेच धरलं, कारण ते धरायला सोपं. माझी सख्खी नणंद मला म्हणाली, "लई दिवसांपासून भीती होतीच मला, वयनी." मी तिला म्हणाले, कशाची भीती? दगडांची?

मग ती शोकसभा झाली आणि माझा व्हिडिओ फिरला. त्यानंतर आठवड्याभरात एक दिवस सकाळी दुकानात गिऱ्हाइकं असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा, मिशा पिकलेल्या, खांद्यावर टॉवेल. मागं त्याची बायको. तिच्या हातांवर ऊसतोडीच्या कोयत्याचे वण.

"ताई, मी त्या ट्रॉलीचा डायवर," तो म्हणाला.

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली, कारण मला स्वतःचा भरवसा नव्हता. म्हणाले, "निघ इथून."

तो जागचा हलला नाही. त्याची बायको म्हणाली, "आयकून घ्या. मंग हाकला."

गिऱ्हाइकं आपोआप बाहेर गेली. तो खाली बसला आणि जमिनीकडं पाहत बोलला. ट्रॉलीचा दिवा हंगामाच्या सुरुवातीपासून बंद होता. मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाला, ऊस आधी पोचव. टायर फुटल्यावर त्यानं दगड लावले आणि जॅक आणायला पुढं गेला. दिवस मावळला होता.

"जॅक घेऊन माघारी येत होतो, तवा तुमचे मालक येताना दिसले मला," तो म्हणाला. "हळू येत होते, ताई. सायकलवानी. समोरून एक जीप आली फुल लाईट टाकून. त्यांनी अजून हळू केली. मंग चाक दगडावर चढलं."

मी विचारलं, "काही बोलले का?"

"मी जवळ गेलतो. म्हणले, आधी चावी बंद कर, पेट्रोल सांडलंय, कुणाला बिडी पेटवू देऊ नको. दुसरं काय बोलले न्हाईत."

मला ते ऐकून रडू आलं नाही. उलट अंग तापलं. मरता मरता माणूस दुसऱ्यांना भाजू नये म्हणून बघतो आणि त्याच्या नावावर 'भरधाव' लिहून मोकळे झाले.

"मग तू पोलिसांना काय सांगितलंस?"

"मालक म्हणला तसं. जोरात आलते म्हणून." मग म्हणाला, "तुमचा व्हिडिओ पाह्यला. तवापासून भाकर जात न्हाई."

"मग आता खरं सांग. चल, आत्ता चल."

तेव्हा त्याची बायको पुढं आली. "सांगितल्यावर ह्यांना आत टाकतील. तुमचा माणूस तर गेला. माझा बी न्यायचा का?"

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ती पण ओरडली. आवाज ऐकून शेजारून उस्ताद आले. त्यांनी दोघींना थांबवलं नाही. आमचा दम संपेपर्यंत ते काठीवर हात ठेवून उभे राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "दिवा कुणाचा? ट्रॉली ज्याची त्याचा. तू सांगितलंतं ना त्याला? मग तू एकटा कावून मरतो बे? जे तुझं हाय ते तू घे, जे त्याचं हाय ते त्याला दे."

उस्तादांच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी ड्रायव्हरला सगळं समजावून सांगितलं. गुन्हा त्याच्यावर राहील, पण जामीन होईल, आणि मालकही सुटणार नाही. ड्रायव्हर दोन दिवस विचार करतो म्हणाला. मला वाटलं, गेला. तिसऱ्या दिवशी तो एकटा आला. बायको आली नव्हती.

ठाण्यातला साहेब त्याच्यावर खेकसला. "आता कावून बदलतोय बे? किती घेतलंस बाईकडून?"

ड्रायव्हर म्हणाला, "तवा खोटं बोललतो, साहेब. आता खरं बोलतो."

"ते जोरात होते का नाही?"

"न्हाई. हळू होते."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं, वकिलांकडं पाहिलं आणि नाइलाजानं लिहून घ्यायला सांगितलं. मी 'हळू' हा शब्द लिहून होईपर्यंत टेबलापासून हलले नाही. बाहेर आल्यावर उस्ताद फुटपाथवर बसले आणि टोपी काढून तिच्यात तोंड घालून रडले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं.

मालकावर गुन्हा दाखल झाला. त्यानं पहिलं काय केलं, तर ऐन हंगामात ड्रायव्हरला काढून टाकलं. त्यांचं राहायचं पाल मोडून नवरा-बायकोला कारखान्यावरून घालवलं. आणि मग तो माझ्या दुकानात आला. पांढरे कपडे, मागं दोन माणसं. हळू आवाजात म्हणाला, "ताई, झालं ते झालं. पण तुम्ही त्या गरिबाच्या पोटावर पाय दिलात."

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. काढलं त्यानं आणि पाय माझा.

मी विचारलं, "ट्रॉलीला दिवा लावला का?"

"तो विषय वेगळा हाय."

"तोच विषय आहे. लावला का?"

मग त्याच्या माणसांतला एक म्हणाला, "चला दादा, बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई." ते गेले. त्या दिवशी बाजारातल्या चार दुकानदारांनी मला येऊन सांगितलं की मोठ्या माणसाशी असं बोलू नये. माझ्या बाजूनं शब्द काढायला मात्र त्या वेळी एकही पुढं आला नव्हता.

पेपरात मी दोनदा गेले. म्हणाले, तुम्ही जो शब्द छापला तो चुकीचा होता, तसं छापा. तिथला माणूस नम्र होता. त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "बातमी आता जुनी झाली, ताई. त्यापेक्षा तुमच्या संघर्षावर एक छान स्टोरी करू. फोटोसहित." मी खुर्चीवरून उठले. मला माझ्या संघर्षाचा फोटो नको होता. मला एक शब्द मागं घेतलेला हवा होता, आणि तेवढं सोडून ते बाकी सगळं द्यायला तयार होते.

खटला चालू आहे. तारखा पडतात. मालकाचा वकील मला एकदा विचारता झाला, "आपले यजमान शर्यतीत किती वेगाने गाडी चालवत?" मी सांगितलं, लई वेगानं. आणि पुढं मी बोलायला लागले तर तो म्हणाला, जेवढं विचारलं तेवढंच सांगा. आमच्या वकिलांनी ड्रायव्हरचा जबाब वाचून दाखवला तेव्हा कुठं माझं अर्धं राहिलेलं बोलणं पूर्ण झालं.

ड्रायव्हर आता धारूरकडं पाण्याचा टँकर चालवतो. ते काम उस्तादांनी मिळवून दिलं. त्यानं फोन करून सांगितलं की टँकरचा मागचा दिवा रोज निघताना स्वतः बघतो. मी बरं म्हणाले. मग त्याच्या बायकोनं फोन घेतला. ती इतके महिने माझ्याशी बोलली नव्हती.

म्हणाली, "झालं का समाधान?"

मी म्हणाले, "नाही."

"माझं घर मोडता मोडता राह्यलं तुमच्यापायी."

मी तिला म्हणू शकले असते की ते माझ्यापायी नाही. मालकाचं नाव घेऊ शकले असते. पण मालकाचं नाव तिलाही ठाऊक होतं, आणि मालकावर ओरडता येत नाही म्हणून ती माझ्यावर ओरडत होती, हे मला कळत होतं. मीही त्या सकाळी दुकानात तिच्यावर तशीच ओरडले होते.

"ओरड," मी म्हणाले. "आयकते मी."

ती बराच वेळ बोलली. मी फोन कानाला धरून मशीनवर बसून राहिले, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.